वापर आणि स्वामित्व : फ्रान्सिस्कन दारिद्र्यवादाचा इतिहास (इ. स. १२०९–१३२९)

ख्रिस्ती धर्मविचारात संपत्तीचा प्रश्न प्रारंभापासून दुहेरी स्वरूपाचा राहिला आहे. संपत्ती किती मिळवावी आणि ती इतरांत कशी वाटावी, हे त्याचे एक अंग होय. हा नीतीचा प्रश्न. एखादी वस्तू ‘माझी’ आहे असे म्हणण्याचा अधिकार माणसाला मुळात कोठून प्राप्त होतो, हे त्याचे दुसरे अंग. हा कायद्याचा आणि काही अंशी भाषेचाही प्रश्न. ह्या दोन अंगांची जशी गाठ तेराव्या-चौदाव्या शतकांतील फ्रान्सिस्कन संघाच्या इतिहासात पडली, तशी ती त्यापूर्वी क्वचितच पडली होती. आम्ही अन्न खातो, वस्त्र नेसतो, ग्रंथ वाचतो. परंतु ह्यांपैकी कोणत्याही वस्तूचे आम्ही व्यक्तिशः वा संघशः मालक नाही, असे ह्या संघाचे प्रतिपादन होते. इ. स. १२७९ मध्ये एका पोपने ते शास्त्रशुद्ध ठरविले; १३२२ मध्ये दुसऱ्या पोपने त्याचा कायदेशीर पाया काढून घेतला. मधल्या काळात ह्याच प्रश्नाच्या एका शाखेपायी चार भिक्षूंना जिवंत जाळण्यात आले.

ह्या वादाकडे धर्मपीठ आणि भिक्षुसंघ ह्यांमधील सत्तासंघर्ष म्हणून पाहण्याची पद्धत रूढ आहे, आणि तीत तथ्यही आहे. तथापि वादाची साधने जे शब्द होते, त्यांचा अर्थ कसकसा बदलत गेला हे पाहिल्याखेरीज त्यात पणाला काय लागले होते ते नीट कळत नाही. ‘वापर’ आणि ‘स्वामित्व’ ह्या दोन संकल्पना एकमेकींपासून वेगळ्या करता येतात काय, हा तो मूळ प्रश्न होय.

१

प्रश्नाची पार्श्वभूमी फार जुनी आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या नव्या करारातील ग्रंथात जेरुसलेम येथील पहिल्या ख्रिस्ती समुदायाचे जे वर्णन आले आहे, त्यानुसार श्रद्धावंतांपैकी कोणीही आपल्या वस्तूला स्वतःची म्हणत नसे. शेते आणि घरे विकून आलेला पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला जाई, आणि ज्याची जशी गरज तसे त्याला मिळे. उलटपक्षी, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात काम न करणाऱ्याने खाऊही नये असा कडक दंडक आहे. वाटून घेणे आणि राबणे ही दोन कर्तव्ये अशी आरंभीच शेजारी शेजारी ठेवली गेली.

चौथ्या शतकातील धर्माचार्यांनी ह्यांपैकी पहिल्या कर्तव्यावर विशेष भर दिला. कॅसरियाचा बेसिल ह्याच्या मते कोठारात पडून राहिलेले धान्य वस्तुतः भुकेल्याचे असते. मिलानचा अँब्रोस ह्याने दानाला उपकार न मानता परतफेड मानले. सृष्टी सर्वांसाठी समाईक निर्माण झाली, आणि ‘माझे-तुझे’ हा भेद नंतर आला, ही त्यांच्या विचाराची बैठक होती. सुमारे ११४० मध्ये ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचे जे संकलन सिद्ध केले, त्यात ह्याच विचाराला सूत्राचे रूप मिळाले : निसर्गनियमाने सर्व काही समाईक आहे, खाजगी मालकी ही मानवी कायद्याने उत्पन्न झालेली आहे.

मठवासीयांनी ह्या आदर्शाची एक व्यवहार्य तडजोड शोधून काढली होती. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमानुसार मठवासीयाचे स्वतःचे काहीही नसे. त्याचे वस्त्र, त्याची लेखणीसुद्धा मठाची. परंतु मठाच्या मालकीला कसलीही मर्यादा नव्हती. वैयक्तिक दारिद्र्य आणि सामुदायिक समृद्धी ही दोन्ही एकाच छपराखाली नांदू शकत. आणि बाराव्या शतकापर्यंत अनेक मठ हे त्या त्या प्रदेशांतील मोठे जमीनदार झालेले होते. फ्रान्सिसच्या कार्याचे नावीन्य ह्या संदर्भात ध्यानी घ्यावयास हवे. मठवासीयाने एकट्याने सोडलेली मालकी त्याने समुदायालाही सोडावयास लावली.

२

असिसीचा फ्रान्सिस (११८१ किंवा ११८२–१२२६) हा कापडाच्या एका सधन व्यापाऱ्याचा मुलगा. इटलीतील नगरांत त्या काळी नाण्यांचा व्यवहार झपाट्याने वाढत होता, आणि फ्रान्सिस त्याच व्यवहारात वाढला होता. १२०६ मध्ये असिसीच्या बिशपसमोर त्याने वडिलांचा पैसा आणि अंगावरची वस्त्रेही परत केली. १२०९ मध्ये (काहींच्या मते १२१० मध्ये) पोप इनोसंट तिसरा ह्याने त्याच्या लहानशा अनुयायीवर्गाला तोंडी मान्यता दिली, आणि २९ नोव्हेंबर १२२३ रोजी ओनोरियस तिसरा ह्याने संघाचा अंतिम नियम मंजूर केला.

ह्या नियमातील तीन कलमे पुढील वादाची बीजे होत. पहिल्या कलमात भिक्षूने ‘सिने प्रोप्रिओ’, म्हणजे स्वतःचे असे काही न बाळगता जगावे, असे म्हटले आहे. चौथ्या कलमाने नाणी वा पैसा स्वतः किंवा दुसऱ्या कोणाच्या हस्ते स्वीकारण्यास मनाई केली. सहाव्या कलमानुसार घर, जागा वा अन्य कोणतीही वस्तू भिक्षूंनी आपलीशी करावयाची नव्हती. ह्या जगात त्यांनी वाटसरूसारखे राहावयाचे होते.

ह्या तिन्हींइतकेच महत्त्वाचे पाचवे कलम मात्र पुढे मागे पडले. ते श्रमाविषयी आहे. ज्यांना काम करण्याची पात्रता लाभली आहे त्यांनी निष्ठेने काम करावे, मोबदला म्हणून शरीराला आवश्यक ते घ्यावे, परंतु पैसा घेऊ नये, असा त्याचा आशय. मृत्यूपूर्वी केलेल्या आपल्या मृत्युपत्रात फ्रान्सिसने हा मुद्दा अधिक ठामपणे मांडला. आपण हाताने काम करीत आलो, इतरांनीही करावे, ज्यांना कसब येत नसेल त्यांनी ते शिकावे, आणि कामाचा मोबदला मिळाला नाही तरच दारोदार भिक्षा मागावी, असे त्याने सांगितले. आरंभीचे भिक्षू कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिले, शेतावर व घरकामावर राबले. तेव्हा भिक्षा हा मूळचा मुख्य मार्ग नव्हता. श्रम फळाला न आल्यास घ्यावयाचा तो आश्रय होता.

येथे फ्रान्सिसची दृष्टी सूक्ष्म आहे. पैसा नाकारून श्रम स्वीकारल्याने श्रमाचे मोल साठवून ठेवण्याची वाटच बंद होते. भाकर उद्यापर्यंत टिकते. नाणे वर्षानुवर्षे टिकते. ज्याला साठवता येत नाही त्याला मालक होण्याची संधीही थोडी. नियमाचा जो अर्थ फ्रान्सिसला अभिप्रेत होता, तो कायद्याच्या परिभाषेत नव्हता, तर जगण्याच्या रीतीत होता; म्हणूनच मृत्युपत्रात त्याने नियमावर भाष्ये रचण्यास स्पष्ट मनाई केली.

३

परंतु भाष्याखेरीज संघ चालणे अशक्य झाले. काही दशकांत भिक्षूंची संख्या हजारोंत गेली. ते पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील विद्यापीठांत शिकू व शिकवू लागले. त्यांना ग्रंथ हवे होते, निवासस्थाने हवी होती. १२२८ मध्ये, फ्रान्सिसला संतपद मिळाले त्याच वर्षी, असिसी येथे त्याच्या समाधीसाठी भव्य मंदिराची पायाभरणी झाली. ह्या इमारतीचा मालक कोण, असा प्रश्न कोणीही विचारू शकत होता.

फ्रान्सिसचा स्नेही असलेला पोप ग्रेगरी नववा ह्याने १२३० मध्ये ‘क्वो एलोंगाती’ ह्या आज्ञापत्राने पहिले उत्तर दिले. मृत्युपत्र कायद्याने बंधनकारक नाही, असा त्याने निर्वाळा दिला. भिक्षूंचे कशावरही स्वामित्व नाही. मात्र ग्रंथ, भांडी इत्यादी वस्तूंचा ते वापर करू शकतात. पैशाचे व्यवहार दात्याच्या वतीने एखादा मध्यस्थ पाहील. १२४५ मध्ये इनोसंट चौथा ह्याने ह्याच्या पुढे एक पाऊल टाकले : दात्याने मालकी स्वतःकडे राखली नसेल तेथे भिक्षूंच्या वापरातील वस्तूंचे स्वामित्व पोपच्या पीठाकडे राहील. अशा रीतीने संघ ज्या वस्तू वापरीत असे, त्यांना रोममध्ये एक मालक मिळाला.

ह्या व्यवस्थेवर पॅरिस विद्यापीठातील इतर अध्यापकांनी प्रखर टीका केली. १२५६ मध्ये सेंट आमूरचा विल्यम ह्याने भिक्षुसंघांविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याचा एक आक्षेप असा की, धडधाकट माणसाने श्रम न करता भिक्षेवर जगणे हे धर्मवचनांशी विसंगत आहे. हा आक्षेप वर्मी लागणारा होता, कारण तो फ्रान्सिसच्या स्वतःच्या आज्ञेशी जुळत होता. संघाचा प्रमुख बोनाव्हेंतुरा ह्याने १२६९ मधील आपल्या ग्रंथात ह्या टीकाकारांना उत्तर देताना वस्तूशी येणाऱ्या संबंधांचे चार प्रकार सांगितले : मालकी, ताबा, फलभोग आणि साधा वापर. पहिल्या तिहींचा त्याग शक्य आहे, चौथ्याचा नाही; कारण त्यावाचून जीवितच टिकत नाही.

१४ ऑगस्ट १२७९ रोजी निकोलस तिसरा ह्याने ‘एक्सिइत क्वी सेमिनात’ ह्या आज्ञापत्रात ही मांडणी अधिकृत केली आणि तीत एक महत्त्वाची भर घातली. फलभोग आणि वापर ह्यांच्या दरम्यान त्याने ‘वापराचा हक्क’ असा आणखी एक प्रकार मानला, आणि भिक्षूंजवळ तोही नाही असे ठरविले. त्यांच्याजवळ उरतो तो ‘सिम्प्लेक्स ऊसुस फाक्ती’, म्हणजे हक्काचा कोणताही अंश नसलेला, केवळ प्रत्यक्ष कृतीच्या स्वरूपातील वापर. स्वतः ख्रिस्ताने आणि प्रेषितांनीही परिपूर्णतेचा मार्ग दाखविताना असेच दारिद्र्य पाळले, असेही त्यात म्हटले होते. ह्या आज्ञापत्रावर पुढे वाद घालू नये, अशी सक्त ताकीद त्याला जोडलेली होती.

मराठी वाचकाला हा भेद समजण्यास आपली स्वतःची परिभाषा साह्य करू शकेल. महसुली आणि न्यायालयीन मराठीत मालकी, कब्जा, भोगवटा आणि वहिवाट हे शब्द वेगवेगळे आहेत. त्यांपैकी ‘वहिवाट’ हा शब्द उद्बोधक आहे : त्याचा मूळ अर्थ वापर किंवा चालू व्यवहार असा असला, तरी दीर्घकाळच्या वापरातून हक्क उत्पन्न होतो, हे गृहीत त्यात अंतर्भूत आहे. पायवाटेवरून पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्याला ‘वहिवाटीचा हक्क’ मिळतो. फ्रान्सिस्कनांना जो वापर अभिप्रेत होता तो ह्याच्या अगदी उलट, कितीही काळ चालला तरी ज्याची वहिवाट होत नाही, असा वापर होता.

४

कायद्याची बाजू अशी सुरक्षित झाली, तरी जीवनाची बाजू उघडी पडली. वापराला हक्काचे बंधन नाही, तर त्याला प्रमाणाचे बंधन आहे काय? मालक नसलेला भिक्षू उंची वस्त्र नेसू शकेल काय? धान्याची कोठारे आणि द्राक्षमद्याची तळघरे भरू शकेल काय? ही कोठारे पोपच्या मालकीची आहेत एवढ्याने दारिद्र्याचे व्रत पाळले जाते काय?

दक्षिण फ्रान्समधील विद्वान भिक्षू पीटर जॉन ऑलिव्ही (मृत्यू १२९८) ह्याने ह्याचे नकारार्थी उत्तर दिले. स्वामित्वाचा त्याग हा व्रताचा केवळ एक भाग होय. ‘ऊसुस पाउपेर’, म्हणजे दरिद्री वापर, हाही व्रताचाच भाग आहे, अशी त्याची भूमिका होती. वापर प्रत्यक्षात तोकडा नसेल, तर मालकीचा त्याग हे पोकळ शब्द ठरतात. विशेष हे की, हाच ऑलिव्ही बाजारातील करारांविषयी लिहिलेल्या आपल्या प्रबंधात किंमत, जोखीम आणि भांडवल ह्यांचे अत्यंत वास्तव विवेचन करतो. व्यापारात गुंतवावयाच्या पैशात बीजासारखी एक फलदायी शक्ती असते, असे त्याने मानले. पैशाची ही शक्ती ज्याला इतकी स्पष्ट दिसत होती, त्यानेच तिच्यापासून दूर राहण्याचा आग्रह धरावा, ह्यात विसंगती नाही. ज्याचा त्याग करावयाचा त्याचे स्वरूप त्याने जाणले होते.

ऑलिव्हीच्या मताचे अनुयायी, ज्यांना ‘आध्यात्मिक’ असे नाव पडले, आणि संघातील बहुसंख्य ह्यांमधील तेढ १३१२ च्या व्हिएन्न परिषदेच्या तोडग्यानेही मिटली नाही. १३१६ मध्ये पोपपदी निवडला गेलेला, आव्हीन्याँ येथे राहणारा जॉन बाविसावा हा कायद्याचा अभ्यासक होता. ७ ऑक्टोबर १३१७ च्या आज्ञापत्राने त्याने झग्याची लांबी आणि धान्यसाठा ह्या दोन्ही गोष्टी वरिष्ठांच्या निर्णयावर सोपविल्या. दारिद्र्य थोर, पावित्र्य त्याहून थोर, आणि आज्ञापालन सर्वांत थोर, असा त्याच्या युक्तिवादाचा निष्कर्ष होता. ज्यांनी शरण येण्याचे नाकारले, त्यांपैकी चौघांना ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे जाळण्यात आले. नियमाचा अर्थ बदलण्याचा अधिकार पोपला नाही, ह्या त्यांच्या मताला पाखंड ठरविण्यात आले होते. आखूड झगा आणि रिकामे कोठार ह्या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी होत्या. परंतु त्यांच्या लेखी त्या गेल्यास व्रतच जात होते.

५

ह्या प्रसंगी संघाचे बहुसंख्य आणि त्यांचा प्रमुख चेझेनाचा मिकेले हे पोपच्या बाजूला होते. पाच वर्षांत परिस्थिती पालटली. १३२१ मध्ये नार्बोन येथे एका धर्मचौकशीत, ख्रिस्ताने व प्रेषितांनी व्यक्तिशः किंवा समुदायशः काहीही बाळगले नव्हते, हे एका आरोपीचे मत पाखंड मानले गेले. सल्लागार म्हणून बोलावलेल्या बेरेंगार तालोन ह्या फ्रान्सिस्कन अध्यापकाने हरकत घेतली : हे तर ‘एक्सिइत’मध्ये सांगितलेलेच मत आहे. प्रकरण पोपकडे गेले. जॉनने २६ मार्च १३२२ रोजी चर्चेवरील बंदी उठविली. तर त्याच वर्षी पेरुजा येथे भरलेल्या संघाच्या महासभेने, पोपच्या निर्णयाची वाट न पाहता, ते मत शुद्ध असल्याचे जाहीर केले.

८ डिसेंबर १३२२ चे ‘आद कोंदितोरेम कानोनुम’ हे आज्ञापत्र ह्या घोषणेला पोपने दिलेले उत्तर होय. त्यातील युक्तिवाद तीन आहेत. पहिला व्यवहाराचा : मालकी पोपकडे गेल्यापासून भिक्षूंची ऐहिक वस्तूंविषयीची चिंता कमी झालेली नाही, मग परिपूर्णतेला ह्या व्यवस्थेची मदत कोणती? दुसरा मालकीच्या स्वरूपाविषयीचा : ज्या मालकीचा मालकाला कधीही काही लाभ व्हावयाचा नाही, ती नावापुरतीच मालकी; अंडे, चीज वा भाकरीचा तुकडा ह्यांचे स्वामित्व रोमच्या चर्चने राखावे, असा हेतू कोणाही शहाण्याचा असू शकत नाही. तिसरा युक्तिवाद निर्णायक होता, आणि तो रोमन कायद्यातून आला होता. सम्राट जस्टिनियनच्या संहितेत द्राक्षमद्य, तेल, धान्य आणि नाणी ह्यांसारख्या, वापरासरशी संपणाऱ्या वस्तूंचा एक वेगळा वर्ग मानला आहे. घर वापरले तरी घर उरते. म्हणून घराचा वापर एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे राहू शकते. भाकर खाल्ल्यावर मालकाकडे परत जाण्यास काही उरत नाही. म्हणून अशा वस्तूंच्या बाबतीत वापर आणि स्वामित्व ह्यांचे विभाजन संभवत नाही. जो भाकर न्याय्यपणे खातो, तो तिचा मालक असतो.

हा युक्तिवाद व्याजबंदीच्या सिद्धांताचा सख्खा भाऊ आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. थॉमस अक्वायनस ह्याने व्याज अन्यायाचे का, ह्याचे कारण देताना असेच म्हटले होते : धान्य आणि पैसा ह्यांचा वापर म्हणजेच त्यांचा व्यय, वस्तूच्या किमतीखेरीज तिच्या वापराचा वेगळा मोबदला घेणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे. ज्या तत्त्वाने सावकाराला नफा नाकारला, त्याच तत्त्वाने भिक्षूला मालकीपासूनची मुक्तीही नाकारली. अक्वायनसला संतपद देणारा पोपही हाच जॉन बाविसावा (१३२३), हा योगायोग असला तरी विचारांची दिशा दर्शविणारा आहे.

आज्ञापत्राचा व्यवहारातील परिणाम असा झाला की, चर्चच्या वास्तू आणि उपासनेच्या वस्तू इत्यादी वगळता, भिक्षूंना यापुढे मिळणाऱ्या वस्तूंवरील स्वामित्व पोपने सोडून दिले. संघाला त्याच्या इच्छेविरुद्ध मालक करण्यात आले. संघाचा कायदेपंडित बर्गामोचा बोनाग्रात्सिया ह्याने १४ जानेवारी १३२३ रोजी पोपसमोर ह्याविरुद्ध दाद मागितली, आणि त्याला तुरुंगात टाकण्यात आले. फ्रान्सिस्कन पक्षाचे म्हणणे असे होते की, वापर आणि मालकी ह्यांची फारकत जगात सर्वत्र दिसते. घोडा समोरचा दाणा खातो, म्हणून तो दाण्याचा मालक ठरत नाही. बापाच्या सत्तेखालील मुलगा आणि धन्याचा गुलाम हेही अन्न खातात. ते मालक नव्हेत.

१२ नोव्हेंबर १३२३ च्या ‘कुम इंतेर नोन्नुल्लोस’ ह्या संक्षिप्त आज्ञापत्राने मूळ प्रश्नाचा निकाल लागला : ख्रिस्ताजवळ आणि प्रेषितांजवळ व्यक्तिशः वा समुदायशः काहीही नव्हते, असे हट्टाने प्रतिपादणे हे पाखंड होय, कारण त्यांच्याजवळ काही वस्तू होत्या, असे धर्मग्रंथातच अनेक ठिकाणी आले आहे. ज्यूदासकडे असलेली पैशाची थैली हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण.

ह्या ठिकाणी वादाचा भाषिक गाभा उघड होतो. लॅटिनमधील ‘हाबेरे’ ह्या क्रियापदात एखादी वस्तू हाताशी असणे, ताब्यात असणे आणि मालकीची असणे ह्या तिन्ही अर्थच्छटा एकत्र नांदतात. मराठीत असे क्रियापद नाही; ‘असणे’ ह्या क्रियापदाला विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय जोडून हे अर्थ वेगळे करावे लागतात. ‘त्याच्याजवळ ग्रंथ आहे’ आणि ‘ग्रंथ त्याचा आहे’ ही वाक्ये एकार्थी नव्हेत : ग्रंथालयातून आणलेला ग्रंथ वाचकाजवळ असतो, वाचकाचा नसतो. फ्रान्सिस्कनांनी ‘ख्रिस्ताचे काही नव्हते’ असे म्हटले. पोपने ‘ख्रिस्ताजवळ काही नव्हते’ हे विधान दोषी ठरविले. लॅटिनमध्ये ह्या दोन विधानांस एकच वाक्य पुरत होते. अर्थात् केवळ क्रियापदाच्या संदिग्धतेमुळे वाद उत्पन्न झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जॉनला दोन्ही अर्थ ठाऊक होते. जवळ असणे आणि वापरणे न्याय्य व्हावयाचे तर त्यामागे काही हक्क असलाच पाहिजे, म्हणून दुसरा अर्थ पहिल्यात येतोच, अशी त्याची भूमिका होती. क्रियापदाने हा निष्कर्ष सिद्ध केला नाही. तो स्वाभाविक मात्र भासविला.

६

१३२७ मध्ये मिकेलेला आव्हीन्याँ येथे बोलावून अडकवून ठेवण्यात आले. २६ मे १३२८ च्या रात्री तो, बोनाग्रात्सिया आणि इंग्लंडचा तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम हे तेथून निसटले आणि पोपचा विरोधक सम्राट लुई बव्हेरियन ह्याच्या आश्रयाला गेले. १३२९ मध्ये ‘क्विआ वीर रेप्रोबुस’ ह्या दीर्घ आज्ञापत्रात जॉनने मिकेलेचे खंडन केले. त्यातील एक विधान दूरगामी होते : स्वामित्व हे मानवी कायद्याने निर्माण झालेले नसून, हव्वेच्या निर्मितीपूर्वी एकट्या असलेल्या आदमलाच ते ईश्वराने दिले होते. ग्रेशियनच्या संकलनातील समाईकतेच्या सूत्राला ह्याने जवळजवळ उलटे केले. खाजगी मालकी ही पतनानंतरची तडजोड न राहता सृष्टिक्रमाचाच भाग झाली.

ऑकमने १३३२ ते १३३४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘नव्वद दिवसांचे कार्य’ ह्या ग्रंथात ह्या आज्ञापत्राचे परिच्छेदवार खंडन आहे. त्याचा मुख्य मुद्दा असा. हक्क दोन प्रकारचे : न्यायालयात सांगता येणारा हक्क, ‘इउस फोरी’, आणि कोणत्याही कायद्यावाचून विवेकाने व निसर्गाने मिळणारा हक्क, ‘इउस पोली’, म्हणजे आकाशाचा हक्क. भिक्षूने सोडला तो पहिला. दात्याने ‘घे, खा’ म्हटल्यावर त्याचे खाणे न्याय्य होते, कारण दात्याच्या परवानगीने निसर्गाचा हक्क मोकळा होतो. परंतु त्याने उद्या ती परवानगी काढून घेतली, तर भिक्षू न्यायालयात जाऊ शकत नाही. आणि प्राणावर बेतलेल्या प्रसंगी, परवानगी नसतानाही, कोणीही माणूस जगण्यापुरते घेऊ शकतो. तो हक्क सोडणे कोणाच्याही हाती नाही.

ह्या शेवटच्या मुद्द्यात ऑकम एकाकी नाही. आत्यंतिक गरजेपोटी दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे, असे अक्वायनसनेही म्हटले होते. किंबहुना वस्तू मिळविण्याची व तिची व्यवस्था पाहण्याची सत्ता खाजगी असावी, परंतु वापराच्या बाबतीत माणसाने तिला समाईक मानून गरजवंताला सहज द्यावी, असा भेदही त्याने केला होता. ज्या वापराला जॉनने स्वामित्वाच्या पोटात घातले, तो अक्वायनसच्या मांडणीत स्वामित्वाला मर्यादा घालणारा होता.

विसाव्या शतकात कायद्याच्या इतिहासकारांनी ह्या वादाला नवे महत्त्व दिले. हक्क ही व्यक्तीच्या ठायी असलेली शक्ती होय, ही आधुनिक कल्पना ऑकमपासून सुरू झाली, असे फ्रेंच अभ्यासक मिशेल व्हिले ह्याने प्रतिपादन केले. ब्रायन टिअर्नीने १९९७ मधील आपल्या ग्रंथात तिची मुळे बाराव्या शतकातील चर्चच्या कायदेपंडितांपर्यंत मागे नेली. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : मालकी नाकारण्याच्या प्रयत्नानेच हक्काच्या संकल्पनेला धार आली. जे काहीही आपले म्हणत नव्हते, त्यांना ‘आपले’ ह्या शब्दाचे पृथक्करण सर्वांत काटेकोरपणे करावे लागले.

७

ह्या इतिहासाचे मूल्यमापन करताना एका पक्षाला संत आणि दुसऱ्याला खलपुरुष ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. मालकी रोममध्ये आणि कोठाराची किल्ली भिक्षूच्या कमरेला, ही व्यवस्था कालांतराने सोयीची झाली होती, हे जॉनने अचूक ओळखले. त्यागाचा कायदेशीर दाखला हाती असताना प्रत्यक्ष जीवन सुखासीन होऊ शकते, हा त्याचा आक्षेप ऑलिव्हीच्या आक्षेपाहून फारसा वेगळा नाही. दोघांनीही एकाच दोषावर बोट ठेवले. ऑलिव्हीचा उपाय वापर तोकडा करण्याचा होता, तर जॉनचा उपाय भिक्षूंना मालक म्हणवून घ्यावयास लावण्याचा. पहिला उपाय पाळणाऱ्यांपैकी काही जण चितेवर गेले.

दुसऱ्या बाजूला, फ्रान्सिस्कनांनी जे तत्त्व सांभाळले ते संघाच्या भवितव्याहून मोठे आहे. घासाला मालकीची पूर्वअट लावली, तर ज्याची मालकी नाही त्याचे खाणे हे दुसऱ्याच्या मर्जीवरचे किंवा चोरीचे ठरते. खाणे ही हक्काच्या आधीची गोष्ट आहे, असे मानले, तर मालकीलाच भुकेसमोर जाब द्यावा लागतो. बेसिलपासून अक्वायनसपर्यंत चालत आलेला हा विचार आव्हीन्याँच्या निकालाने नाहीसा झाला नाही. त्याचा आधार मात्र मालकाच्या कर्तव्याकडून गरजवंताच्या हक्काकडे सरकला.

एक हानी मात्र दोन्ही पक्षांच्या हातून झाली. शंभर वर्षांच्या ह्या वादात मालकी, ताबा, फलभोग, हक्क आणि वापर ह्यांचे बारकाईने विवेचन झाले; परंतु नियमाच्या पाचव्या कलमाची, हाताने काम करण्याच्या आज्ञेची, चर्चा उत्तरोत्तर क्षीण होत गेली. भिक्षू विद्वान झाला, प्रवचनकार झाला, आणि अभ्यास हाच त्याचा श्रम मानला गेला. फ्रान्सिसच्या योजनेत स्वामित्वाचा प्रश्न श्रमाने सुटत होता : दिवसभर राबावे, त्या दिवसापुरते घ्यावे, उरेल ते गरजवंताला द्यावे. श्रम बाजूला पडल्यावर दारिद्र्याला आधार उरला तो व्याख्यांचा. आणि व्याख्या एका पोपने दिलेली असेल, तर ती दुसरा पोप काढून घेऊ शकत होता. १५१७ मध्ये लिओ दहावा ह्याने संघाची अधिकृत विभागणी केली, तेव्हाही नियम किती कडक पाळावयाचा हाच वाद चालू होता. असिसीच्या ज्या माणसाने भाष्ये रचू नका म्हणून विनविले, त्याच्याच नियमावर मध्ययुगातील कायद्याचे एक अतिसूक्ष्म भाष्य उभे राहिले, आणि त्या भाष्यातून माणसाच्या जगण्याच्या हक्काची भाषा घडत गेली.